थोरल्या पातीचं इंजिन, धाकट्या पातीचा गिअरबॉक्स

अमेरिकेत 1964 साली पाँटिअ‍ॅकने जीटीओ काढली. मध्यम अंगाची गाडी, तिच्यात 6.4 लिटरचं आठ सिलिंडरी इंजिन, 325 अश्वशक्ती, आणि विकायची कोणाला, तर नुकती मिसरूड फुटलेल्या पोरांना. या जातीला पुढे मसल कार म्हणू लागले. वीस वर्षांनी, 1984 साली, आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा आली आणि तिला हौशी लोक आजही भारताची मसल कार म्हणतात. बॉनेट तसंच लांब, छाती तशीच रुंद, उभं राहण्याची ऐट तशीच. फक्त आत अ‍ॅम्बॅसडरचं 1489 सीसीचं, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचं इंजिन. कुठे इंद्राचा ऐरावत आणि कुठे शामभटाची तट्टाणी, असं आपल्याकडे म्हणतात. इथे तट्टाणीलाच ऐरावताचं कातडं चढवलं होतं.

हे कातडं मूळचं इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचं, 1972 सालच्या मॉडेलचं. तिकडे याच अंगाच्या गाडीत 3.3 लिटरचं सहा सिलिंडरी इंजिनही मिळायचं. म्हणजे वाडा सहा भावांसाठी बांधलेला आणि राहायला आले चौघे. बॉनेट उघडलं की आत इतकी मोकळी जागा दिसते की पाना हातातून निसटला तर तो सापडायला वेगळा माणूस लावावा लागतो. एका मिस्त्रीने तर आमच्या देखत आपला जेवणाचा डबा आत रेडिएटरशेजारी ठेवला होता. दुपारी गरम मिळतो म्हणे.

पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिला इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स मिळाला आणि गाडीला अंगाला शोभेल असा दम आला. ही इंजिनं आणि हे गिअरबॉक्स बनायचे पिथमपूरला, म्हणजे माळव्यातल्या धार जिल्ह्यात. बाकी गाडी जुळायची पार बंगालात, उत्तरपाड्याला. 2002 साली काँटेसा बंद झाली, पण पिथमपूरला डेट्रॉईट म्हणण्याची इकडच्यांची हौस काही बंद झाली नाही. आणि दातेरी चाकांचं म्हणाल तर त्यांची खाण देवासला. मोटारींचे गिअर कापणारे कारखाने तिथे आहेत, आणि शहरातल्या कित्येक घरांतला कोणीतरी कधी ना कधी तिथल्या गेटवर कार्ड पंच करून आलेला आहे. त्यामुळे या पट्ट्यात काँटेसा अडली की प्रकरण मोटारीपुरतं राहत नाही. धारचा माणूस इंजिनाच्या बाजूने उभा राहतो, देवासचा गिअरच्या. दोघांनाही आपापल्या जिल्ह्याची अब्रू राखायची असते.

देवासच्या लोकांना अशा वाटणीची सवय जुनी आहे. अठराव्या शतकात बाजीराव पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात उतरलेले तुकोजी आणि जिवाजी हे दोघे पवार बंधू. एकाची थोरली पाती, दुसऱ्याची धाकटी पाती. गाव एक आणि राज्यं दोन, राजे दोन, दरबार दोन. मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात आणि दुसरी दुसऱ्या. पाण्याची सोय वेगळी, दिव्यांची सोय वेगळी. संध्याकाळी रस्ता ओलांडला की परराज्यात. 1948 मध्ये दोन्ही संस्थानं मध्य भारतात विलीन झाली, पण हा नकाशा देवासच्या मिस्त्रींच्या डोक्यातून पुसलेला नाही. त्यांच्या लेखी इंजिन म्हणजे थोरली पाती आणि गिअरबॉक्स म्हणजे धाकटी. इंजिनवाल्याकडे गाडी नेली की तो टॅपेट ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, "साब, इंजिन तो मक्खन है. पीछे दिखाओ." पाठीमागच्याकडे नेली की तो गाडीखाली सरकतो, बॅटरी मारतो, बाहेर येतो, हात पुसतो आणि म्हणतो, "बॉक्स में कुछ नी है. आगे से आ रिया है." सरहद्दीवर खून झाला की दोन्ही ठाण्यांचे हवालदार मोजपट्टी घेऊन येतात, तसाच हा प्रकार.

आमच्या मामांकडे अशी एक काँटेसा क्लासिक आहे. मामा देवासचे. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचे कोणी खापरपणजोबा पवारांच्या पागेत होते. घराण्यात वाहनाची हौस तेव्हापासूनची, आणि वाहन अडण्याची परंपराही तेव्हापासूनची असावी. गाडी मामांची, पण पेट्रोलच्या झाकणाची किल्ली मामींकडे. गल्लीत रात्री पेट्रोल चोरीला जाऊ लागलं तेव्हा मामांनी बाजारातून कुलपाचं झाकण आणलं आणि त्याची किल्ली हरवू नये म्हणून ती मामींच्या जुडग्यात, कोठीच्या आणि देवघराच्या किल्ल्यांमध्ये, कायमची जाऊन बसली. पेट्रोलचा काटा केव्हाच संन्यास घेऊन अर्ध्यावर स्थिर झालेला. त्यामुळे पेट्रोल मोजायचं तर मामींनी झाकण उघडायचं आणि केरसुणीचा लांब हीर टाकीत घालून बघायचं. ही पद्धत काट्यापेक्षा अचूक आहे, हे कंपनीच्या इंजिनीअरलाही मान्य करावं लागेल.

गाडीचं दुखणं मोठं चमत्कारिक होतं. सकाळी हाक मारताच सुरू. उज्जैन रोडला लागेपर्यंत राजेशाही थाट. मग जरा वेळाने एक आचका, मग दोन, कार्बोरेटरमध्ये खोकल्यासारखं काहीतरी, मामांच्या पायाखाली पिकअप गायब, आणि गाडी रस्त्याच्या कडेला शांत. दहा-पंधरा मिनिटं गेली की पुन्हा एका सेल्फमध्ये सुरू. कायम बंद पडणारी गाडी मिस्त्रीला आवडते, कधीच बंद न पडणारी मालकाला आवडते. ही मधली जात मात्र सल्लागारांसाठी जन्माला आलेली असते, कारण तिच्यावर कोणताही उपाय करा, दहा मिनिटांनी तो लागू पडतोच.

आणि सल्लागारांना तोटा नाही. बॉनेट उघडलेली गाडी हे आपल्याकडचं सर्वात स्वस्त सार्वजनिक सभागृह आहे. अमेरिकेत म्हणे माणूस एकटाच गॅरेजचं दार लावून, मॅन्युअल उघडून, गाडी दुरुस्त करत बसतो. काय जगणं! इथे बॉनेटचा दांडा खाचेत बसायच्या आत चार माणसं वाकलेली असतात, आणि त्यांतल्या दोघांना गाडी चालवताही येत नाही. देवासात तर प्रत्येक जण आपल्या नोकरीप्रमाणे निदान करतो. पंपांच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या गृहस्थांना प्रत्येक रोग पाण्याच्या पंपात दिसतो. ते आल्या आल्या रेडिएटरचा होज दाबतात. गिअर कारखान्यातले निवृत्त काका डोळे मिटून, मान तिरकी करून आवाज ऐकतात, गाडी बंद असली तरी. आणि बँक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांच्या हातात काहीही दिलं, तरी ते आधी उजेडाकडे धरून बघतात. त्यांनी चारही स्पार्क प्लग काढायला लावले, एकेक सूर्याकडे धरला आणि म्हणाले, "हे बघा, टोक पांढरं पडलंय. नकली आहे."

पांढरं टोक म्हणजे काय, ते खरं तर जाणत्याला कळायला हवं होतं. प्लगचं टोक काळं आणि काजळलेलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, तपकिरी असेल तर सगळं क्षेमकुशल, आणि पांढरं असेल तर इंजिन उपाशी आहे. धुराचंही असंच एक शास्त्र आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल पितंय, काळा म्हणजे पेट्रोलची उधळपट्टी, पांढरा थांबतच नसेल तर हेड गॅस्केटमधून पाणी आत शिरतंय. काकांनी पुरावा बरोबर पकडला होता. पण नोटांच्या धंद्यात पुरावा सापडला की आरोप ठरलेलाच असतो. चार नवे प्लग आले. ते बसवेपर्यंत दहा मिनिटं गेली, मामी एकीकडे हीर घेऊन पेट्रोल बघून आल्या, आणि गाडी सुरू झाली. काकांनी जुने प्लग खिशात टाकले आणि विजयी चेहऱ्याने घरी गेले.

दुसऱ्या वेळी पंपवाल्यांची पाळी. त्यांनी ओल्या फडक्याचा उपाय सुचवला. हा उपाय भारतातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक मोटारमालकाला ठाऊक असतो. उन्हाळ्यात इंजिनाच्या आचेने पेट्रोलच्या नळीत वाफ धरते, पंप वाफ ओढू शकत नाही, आणि गाडी बसते. मग पंपावर ओलं फडकं टाकून त्याला थंड करायचं. मामींची एक जुनी सुती साडी या कामी वारली. तिचा पदर पंपाभोवती गुंडाळून, वरून सुरईतलं पाणी घालून सगळे पाहत उभे राहिले, आणि गाडी सुरू झाली. मामी तेवढ्यात पेट्रोल बघून, झाकण लावून, किल्ली कमरेला खोचत येत होत्या. त्या म्हणाल्या, "झाकण उघडलं की फुस्स करून आवाज येतो हो." त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. इंजिन बॉनेटखाली असतं, ही गोष्ट बायकांना कशी समजवायची, अशा अर्थाचं पंपवाले हसले.

यानंतर प्रकरण दोन्ही पात्यांकडे गेलं. इंजिनवाल्या उस्तादांनी कॉईल बदलली, कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले, कार्बोरेटर उघडून जेटमधून फुंकर मारली आणि "कचरा था" असं जाहीर केलं. प्रत्येक उघडलेल्या कार्बोरेटरात कचरा सापडतो. नाही सापडला तर उघडताना पडतो. मग म्हणाले, आता जो झटका आहे तो मागून येतोय. गिअरबॉक्सवाल्या उस्तादांनी क्लच प्लेट बघायला हवी म्हटलं. इथे मात्र मला क्लचबद्दल थोडं बोलायला हवं, कारण माझ्या मते जुन्या गाडीत तोच एक विश्वासू साक्षीदार असतो.

थोरल्या आणि धाकट्या पातीच्या मधे इंग्रजांचा पोलिटिकल एजंट असे, तसा इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे क्लच. दोघांची गाठ घालायची आणि नको तेव्हा दोघांना अलग करायचं, हे त्याचं काम. दोघे एकमेकांवर ढकलू लागले की पेडलला विचारावं. गाडी न्यूट्रलला, इंजिन चालू, आणि घरघर येतेय. पेडल दाबलं. घरघर थांबली, तर ती गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगची. उलट पेडल दाबल्यावरच कण्हणं सुरू झालं, तर रिलीज बेअरिंगचं वय झालं. गाडी रेटली की इंजिन ओरडतं पण वेग वाढत नाही? हँडब्रेक करकचून ओढा, टॉप गिअर टाका, जरा रेस देऊन क्लच सोडा. इंजिन गचकन बंद पडलं तर क्लच शाबूत. आरामात गरगरत राहिलं तर प्लेट गुळगुळीत झालीय. गिअर टाकताना दात करकरतात, तर शंभरातल्या निम्म्या वेळा बिचाऱ्या गिअरचा काही अपराध नसतो, क्लचच्या तेलात हवा शिरलेली असते आणि तो पूर्ण सुटत नसतो. या सगळ्याला एक पैसा लागत नाही, आणि म्हणूनच कोणी हे करत नाही. फुकटच्या साक्षीवर आपल्या मिस्त्रींचा विश्वास नाही आणि मालकांचा तर त्याहून नाही. गिअरबॉक्स उतरवला, हजारो रुपयांचं काम निघालं, टेबलावर सगळे दातेरी दागिने मांडून ठेवले, की मालकाला वाटतं, आता काहीतरी होतंय.

देवासात मोटारींवर देखरेख करणं अवघड आहे, हे एका मोठ्या माणसालाही कळून चुकलं असणार. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 1921 साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते, आणि बागा, टेनिस कोर्ट, पाहुण्यांचा बंगला, वीजघर यांच्याबरोबर त्यांच्या खात्यात मोटारीही होत्या. इथून परत गेल्यावर त्यांनी 'अ पॅसेज टु इंडिया' पूर्ण केली आणि 1924 साली ती छापून आली. त्यानंतर पुढची जवळजवळ पन्नास वर्षं जगूनही त्यांनी हयातीत एकही नवी कादंबरी प्रसिद्ध केली नाही. समीक्षकांनी याची फार खोल कारणं दिली आहेत. मोटारखात्याकडे कोणी पाहिलं नाही.

आमच्या प्रकरणात परदेशी मदतही आली. मामांचा मुलगा मिशिगनला असतो. खऱ्या डेट्रॉईटच्या अंगणात राहतो म्हटल्यावर त्याला जुन्या मसल कारचा नाद लागणारच. त्याने एक म्हातारी जीटीओ घेतली आहे, दोन गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स असलेली. तो रविवारी रात्री व्हिडिओ कॉल करतो, तेव्हा इथे सोमवारची सकाळ असते आणि ताटात पोहे-जिलबी. "बाबा, ट्रान्समिशनच्या तेलाचा रंग बघा. लाल असेल तर चांगलं. तपकिरी आणि जळका वास असेल तर संपलं." मामा बॅटरी घेऊन डिपस्टिक शोधत गाडीभोवती हिंडले. आपल्या गाडीत क्लचचं पेडल आहे, म्हणजे हा ऑटोमॅटिकचा प्रश्न आपल्याला लागू नाही, हे मामांनी मुलाला सांगितलं नाही. मुलगा इतक्या लांबून फोन करतोय, त्याला नाही कसं म्हणायचं.

दुसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "व्हॅक्यूम गेज लावा. इंजिन आयडलवर असताना सुई सतरा ते एकवीस इंच पाऱ्यावर स्थिर हवी. थरथरली तर व्हॉल्व्ह, हळूहळू पडली तर सायलेन्सर तुंबलाय." हे ज्ञान अस्सल होतं. तिकडे लोक एका घड्याळाएवढ्या तबकडीवरून इंजिनाची नाडी वाचतात. पण मामांच्या कानात फक्त 'पारा' हा शब्द शिरला आणि त्यांनी लगेच ठरवलं की आता धारला जायचं.

पाऱ्याचा आणि धारचा संबंध मामांना शिकवावा लागत नाही. धार ही राजा भोजाची राजधानी. अकराव्या शतकात भोजाच्या नावावर लिहिला गेलेला 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ 1924-25 मध्ये बडोद्याहून छापून निघाला. त्यात यंत्रांवर एक अख्खा अध्याय आहे. दारावरचा यांत्रिक पहारेकरी आहे, आणि हलक्या लाकडाचा एक पक्षी आहे. त्याच्या पोटात पारा तापवायचा आणि आकाशात जायचं. मामा हे सांगतात तेव्हा त्यांचा स्वर असा असतो, की पिथमपूरचा पहिला कारखाना भोजाचाच. मला त्या अध्यायातली दुसरी एक गोष्ट जास्त आवडते. ग्रंथकार सांगतो की यंत्रं कशी जुळवायची हे आपण मुद्दाम उघड केलेलं नाही. माहीत नाही म्हणून नव्हे, गुप्तता राहावी म्हणून. हजार वर्षं झाली, पण धारच्या गॅरेजांमधून ही परंपरा अखंड चालू आहे. "क्या खराबी थी उस्ताद?" विचारलं की उत्तर येतं, "हो गया ना साब. आप चलाओ."

धारला लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. एकत्र धरले तर लांबी तेरा मीटरच्या पुढे आणि वजन सात हजार किलोंवर. कोणी म्हणतं भोजाचा विजयस्तंभ. गावात मात्र वेगळीच कथा सांगतात: गांगली नावाची एक राक्षसी अंगाची तेलीण होती, आणि हा तिच्या तराजूचा दांडा. पुढे 'कहाँ राजा भोज, कहाँ गंगू तेली' या म्हणीत तिच्या जातीला मिळालं ते दुय्यम स्थान. ते तुकडे पाहून धारचे मिस्त्री लहानपणापासून एक धडा घेत असावेत, असा मला संशय आहे. एकदा सुटं केलेलं लोखंड पुन्हा जोडायची घाई करू नये. मामांच्या गाडीचा गिअरबॉक्स त्यांच्या फळीवर इतके दिवस पडून राहिला, की शेजारचा न्हावी त्याची नजर काढू लागला.

दरम्यान गाडीच्या आहारावरही चर्चा झाली. हल्ली पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरच्या वायसरी त्याला सरावलेल्या नाहीत. त्या फुगतात, तडकतात. हा प्रश्न खरा आहे आणि जुन्या गाडीवाल्यांनी नळ्या बदलून घ्याव्यात हे उत्तम. पण मामींना त्यातलं एवढंच समजलं की मामांची गाडी चतुर्थीलाही दारू पिते. त्या दिवसापासून तिला तुळशीपाशी उभी करायला बंदी झाली.

चौथा सिलिंडर मधूनमधून चुकतो, असंही एका उस्तादाने शोधून काढलं. त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "देवासात कमी श्वासावर काय साधता येतं, ते जगाने ऐकलेलं आहे." कुमार गंधर्व 1948 च्या सुरुवातीला क्षयाने आजारी होऊन इथल्या कोरड्या हवेसाठी आले आणि पुढे जवळजवळ एका फुफ्फुसाच्या बळावर गायले. गावाला त्याचा अभिमान आहे. पण ही तुलना देवासात मोठ्याने करू नये. मामांच्या तोंडून ती निघाल्यावर गिअरवाले काका आठ दिवस आले नव्हते.

अखेर दोन्ही पात्यांनी आपापलं काम संपवलं. इंजिन बोअर झालं, रिंगा बदलल्या, क्लच प्लेट नवी, सिंक्रो नवे, क्रॉस नवे. गाडी घरी आली ती सत्यनारायणाच्या थाटात. मामांनी ठरवलं, चाचणी मोठी घ्यायची. मांडवला जायचं, घाट चढायचा. तसं पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा लंबवर्तुळाकार चाचणीमार्ग आहे, 2021 मध्ये उघडलेला, आशियातला सर्वात लांब, आणि तिथे नव्या गाड्या वाऱ्यासारख्या पळवतात. पण माळव्यातल्या जुन्या गाडीची परीक्षा मांडवच्या चढावरच होते. पावसाळ्यात अर्धं इंदूर तिथे लोटलेलं असतं, त्यामुळे नापास झालात तर प्रेक्षकही मिळतात. लांबचा पल्ला म्हणून मामांनी धारच्या अलीकडे टाकी काठोकाठ भरून घेतली. मामींनी झाकणाला कुलूप लावलं.

गाडी एवढ्या लवकर कधीच अडली नव्हती. धार गाठायच्या आतच तिने मान टाकली. मामा स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. मागच्या सीटवरून गिअरवाले काका म्हणाले, इंजिन. मिशिगनहून फोनवर मुलगा म्हणाला, टायमिंग. बँक नोट प्रेसवाल्यांनी खाली उतरून पेट्रोलची पावती उजेडाकडे धरली. मामी जुडगा घेऊन मागे गेल्या, झाकण फिरवलं, आणि या वेळी फुस्स इतकं मोठं झालं की रस्त्याकडेच्या भुट्टेवाल्याने मान वर केली.

मामी तशाच परत आल्या आणि मामांना म्हणाल्या, "अहो, तेलाच्या पत्र्याच्या डब्याला तुम्ही एकच भोक पाडता का?"

पंधरा किलोचा तेलाचा डबा उघडताना दोन भोकं पाडतात, एक तेल बाहेर यायला आणि एक हवा आत जायला, हे माळव्यातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात सांगावं लागत नाही. टाकीतून पेट्रोल ओढलं गेलं की त्याच्या जागी हवा आत यायला वाट हवी. ती वाट जुन्या गाड्यांत बहुधा झाकणातूनच असते. बाजारच्या कुलपी झाकणाला ती नव्हती. गाडी चालली की टाकीत पोकळी तयार व्हायची, पंपाला पेट्रोल ओढवेना, इंजिन उपाशी, प्लग पांढरे, आचके, बंद. आणि टाकी भरलेली असली की आत हवेला जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर व्हायची. मग सभा भरायची, आणि दर वेळी मामी हीर घालायला म्हणून झाकण उघडायच्या. प्लग, ओली साडी, फुंकर मारलेला जेट, उतरवलेला गिअरबॉक्स, सगळ्यांनी श्रेय घेतलं ते त्या फुस्सच्या हिशेबावर.

धारच्या एका वेल्डिंगवाल्याने झाकणाला बारीक भोक पाडून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. गाडी मांडवचा घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली. जहाज महालासमोर मामींनी ताक घेतलं, मामांनी भुट्टा. गिअरवाले काका म्हणाले, चालते ते ठीक, पण उतारावर जरा कान द्या. पंपवाल्यांना फोनवर बातमी कळली तेव्हा ते म्हणाले, शेवटी पंपाचाच प्रश्न निघाला की नाही? मुलाने टाकीतला व्हॅक्यूम किती इंच होता ते विचारलं.

बँक नोट प्रेसवाल्या काकांनी ते झाकण मागून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, उजेडाकडे धरून नव्या भोकातून एक डोळा लावून बघितलं आणि मामांना परत देत म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो. नकली."